दहा वाक्यांची वही

लकडगंज, नागपूर
४ मार्च २०२५

आदरणीय सुमतीबाई,
सादर नमस्कार.

मी ऋषिकेश भोयर. २०२० ची दहावी, तुकडी ब. ज्यांचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, ती बॅच. एवढ्यावरून आठवत नसेल तर, तुमच्या तासाला रागाच्या भरात डस्टर खिडकीबाहेर फेकणारा आणि तुम्ही नुसतं पाहिलं म्हणून नालीत उतरून ते शोधून आणणारा तो मी. बाबा पॉवर स्टेशनमधून रिटायर झाले तसे आम्ही खापरखेड्याहून प्रताप नगरला आलो.

फोन न करता पत्र काहून, असं वाटेल. फोन मी भिंतीवर मारला. नवीन घेतला नाही. ज्याची वाट पाहायची ते त्यावर येत नव्हतंच.

तुम्ही विचाराल त्याआधी सांगतो. कॉलेज सुटलं. बी.ए. दुसरं वर्ष, मागचा एप्रिल. वर्गातला एक पोरगा एका मुलीबद्दल घाण बोलला, मी बेंच उचलला. प्राचार्य म्हणाले, वडिलांना घेऊन ये. मी म्हटलं, वडिलांचं काय काम, बेंच मी उचलला. मग गेलोच नाही. आता लकडगंजात एका लाकडाच्या डेपोत आहे. आलेला माल फितीनं मोजायचा, खडूनं आकडा टाकायचा. दिवस जातो.

मला कथा लिहायची आहे, बाई. एका दिवाळी अंकानं नवीन लेखकांची स्पर्धा लावली आहे. कथा माझ्या डोक्यात पूर्ण आहे, पण कागदावर आली की दहावीचा निबंध होते. कथेत काय काय लागतं, अलंकार कुठं घालायचे, हे तुमच्याइतकं कोणी समजावलं नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत मला ती पक्की करून पाहिजे.

पहिलं पान सोबत आहे. उजवीकडे एक तृतीयांश पानाची घडी पाडली आहे, तुमच्या पद्धतीनं. ही घडी मी कॉलेजात अर्ध्या वर्गाला शिकवली होती. उदाहरण उघड्या भागात, अलंकाराचं नाव घडीच्या आत. आधी ओळखायचं, मग घडी उघडून पाहायची. सगळे म्हणायचे, भारी आहे गा.

तुमचा विद्यार्थी,
ऋषिकेश

(पहिलं पान: "खुशी चंद्रासारखी होती. तिचे डोळे हरिणीसारखे, चाल हंसासारखी, आणि तिच्याविना माझं आयुष्य वाळवंटासारखं होतं…")


खापरखेडा
१९ मार्च २०२५

चि. ऋषिकेश,
अनेक आशीर्वाद.

डस्टर आठवलं. ते धुतलं तरी पुढं वर्षभर त्याला वास येत होता.

उत्तराला उशीर झाला. घरात काम असतं.

चंद्र, हरिणी, हंस, वाळवंट. दोन ओळींत चार. यातलं तू पाहिलंस काय? चंद्र पाहिला असशील. हरिणी महाराजबागेत, जाळीच्या मागं. हंस आणि वाळवंट तुझ्या आयुष्यात केव्हा आले, ते मला कळव.

उपमेला चार गोष्टी लागतात, हे तुला आठवीत पाठ होतं. जिच्याबद्दल बोलायचं ती, जिच्याशी तुलना करायची ती, दोघींना जोडणारा शब्द, आणि दोघींत सारखं काय ते. चौथी गोष्ट तू चारही वेळा गाळली आहेस. खुशी आणि चंद्र, यांत सारखं काय? एका वाक्यात लिहून पाठव. जमलं नाही तर चंद्र खोड.

आता कथेबद्दल. कथेत कोणाला तरी काहीतरी हवं असतं आणि वाटेत काहीतरी आडवं येतं. बाकीचं, म्हणजे स्थळ, काळ, संवाद, हे त्याच्या मागून चालत येतं. तुझ्या 'मी'ला खुशी हवी आहे, ते पहिल्याच ओळीत समजलं. खुशीला काय हवं आहे? पानभर शोधलं, सापडलं नाही. ती फक्त दिसते. बोलत नाही, काही करत नाही, तिला तहानसुद्धा लागत नाही. अशा माणसाला पात्र म्हणत नाहीत.

गृहपाठ: डेपोवर दहा ओळी लिही. 'सारखा', 'जणू', 'जसा' यांपैकी एकही शब्द नको.

आणि एक. कथेच्या निमित्तानं कॉलेजात परत जायचं मनात असेल तर सांग. बाहेरून परीक्षा देता येते. मी चौकशी करीन.

सुमती


लकडगंज
२४ मार्च

आदरणीय बाई,

कॉलेजचं मनात नाही. ते सोडा.

खुशी आणि चंद्रात सारखं काय: दोघंही दूर आहेत आणि दोघंही माझ्याकडे पाहत नाहीत. हे लिहिलं आणि अर्धा तास हात चालले नाहीत. शेठजी ओरडले, "काहून गा भोयर, लाकूड मोजून राहिला की नुसता पाहून राहिला?" मी चंद्र खोडला.

डेपोवरच्या ओळी:

"आरा सुरू झाला की बोलणं बंद होतं. हातानं खुणा करतात. भुसा आधी पापण्यांवर बसतो, मग कानांत, मग डब्यातल्या वरणात. ओला साग कापताना आवाज जाड येतो, वाळला असेल तर बारीक. कापणारे दोघं आवाजावरून एकमेकांकडे पाहतात. दुपारी आरा थांबतो तेव्हा रस्त्यावरचे हॉर्न एकदम ऐकू येतात. मी घरी गेलो की आई माझा शर्ट अंगणात झटकते, नाकाशी धरते आणि म्हणते, आज निंब होता वाटते. ती कधी डेपोत आली नाही."

आता खरं काम. दुसरं पान पाठवतो, त्यात शेवट आहे. थोडक्यात असं: खुशीनं एका वहीत 'मी'साठी दहा वाक्यं लिहिली आहेत. स्वतःच्या अक्षरात. ती वही 'मी'जवळ आहे. घरचे लोक तिचं दुसरीकडे जमवतात. अठरा मे, रविवार, साक्षगंध. प्रताप नगरातला हॉल, बाहेर पाण्याची टाकी, टाकीच्या डाव्या हाताला झेरॉक्सचं दुकान, जे अकराला उघडतं. 'मी' साडेअकराला येतो. पाहुण्यांच्या हातात एकेक कागद देतो. मुलाकडचे वाचतात. एकेक जण उठतो. खुशी मान वर करून 'मी'कडे पाहते. संपलं.

खुशीला काय हवं, विचारलं तुम्ही. खुशीला 'मी' हवा आहे. वहीत लिहिलेलंच आहे.

हा शेवट असा करून द्या की वाचणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं पाहिजे.

ऋषिकेश


खापरखेडा
७ एप्रिल

चि. ऋषिकेश,

डेपोचा परिच्छेद दोनदा वाचला. आईचं वाक्य ठेव, काहीही झालं तरी ठेव. तिथं तू कोणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हतास.

दुसऱ्या पानाचं सांगते. चौतीस वर्षं मी निबंध तपासले. सहलीला न जाता सहलीचं वर्णन लिहिणारी मुलं मला पहिल्या ओळीत कळायची. तुझं उलट आहे. इथं सगळं खरं आहे, फक्त घडायचं राहिलं आहे. कल्पनेतल्या गावात झेरॉक्सचं दुकान किती वाजता उघडतं हे कोणी लिहीत नाही. मी कॅलेंडर काढून पाहिलं. या वर्षी अठरा मेला खरंच रविवार आहे.

मुलीचं नाव बदललंस, तुझं प्रताप नगर बदललं नाहीस. खरं नाव काय तिचं?

ऋषिकेश, मी तुझी कथा दुरुस्त करू शकते. साक्षगंधाच्या दिवशी तू पाहुण्यांच्या हातात जे देशील, ते मला नंतर दुरुस्त करता येणार नाही, आणि तुलाही नाही.

तरी, कथा म्हणूनच बोलायचं तर कथेत पुरावा आला की तो वाचकाला दाखवावा लागतो. 'दहा वाक्यं होती' एवढं चालत नाही. ती वाक्यं जशीच्या तशी उतरवून पाठव.

सुमती


प्रताप नगर
१२ एप्रिल

बाई,

हो. मयुरा. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. कॉलेजात एकाच वर्गात होतो. तुम्ही ओळखणार हे मला पानं टाकतानाच वाटलं होतं, तरी टाकली.

मागच्या एप्रिलमध्ये तिनं मला ही वही दिली. म्हणाली, "दोन दिवसांत वापस कर." अलंकारांचं टिपण होतं, मी तास बुडवले होते. तिसऱ्या दिवशी बेंचचं प्रकरण झालं आणि वही माझ्याजवळच राहिली. घरी जाऊन उघडली, तर शेवटच्या दोन पानांवर ही वाक्यं. मी ती एवढ्या वेळा वाचली आहेत की न पाहता लिहितो:

१. तू आलास की सगळ्यांच्या माना वर होतात.
२. तू थांबलास की मला पाच मिनिटंही बसवत नाही.
३. तुझ्यावाचून हा उन्हाळा मी काढूच शकत नाही.
४. सगळ्यांच्या वर राहून सगळं पाहतोस, बोलत मात्र काही नाहीस.
५. चिडलास की असा आवाज करतोस, वाटतं आता अंगावरच येशील.

अजून पाच आहेत, ती माझी मी ठेवतो.

आमचा वर्ग पायऱ्यांचा होता, बाई. मी सगळ्यात वरच्या रांगेत बसायचो. आणि माझा राग कॉलेजात कोणाला माहीत नव्हता? पाचवं वाक्य वाचा परत. दुसरं कोण असेल हो?

या फेब्रुवारीत माझा मित्र रोहित डेपोवर आला. म्हणे, "मयुराचं जमलं गा. गौरांग नाव आहे पोराचं, अमरावतीले बँकेत आहे." मी त्याला म्हटलं, तू जा. तो म्हणे, "माहीत असलेलं बरं म्हणून सांगून राहिलो." मी परत म्हटलं, जा. फोन त्याच दिवशी गेला.

जिनं हे लिहिलं ती सुखानं दुसऱ्याला हो म्हणेल? तिला कोणीतरी दाबलं आहे. तिच्या तोंडून निघत नाही, म्हणून मी तिचीच वाक्यं तिच्यासाठी वाचून दाखवणार. यात माझं चुकतं कुठं?

ऋषिकेश


खापरखेडा
१७ एप्रिल

चि. ऋषिकेश,

पाचही वाक्यं पुन्हा वाचली. क्रमांक घातलेली, एका मापाची, प्रत्येकीत एकच गोष्ट. प्रेमात पडून क्रमांक घालणारी मुलगी मी पाहिलेली नाही.

वही अलंकारांची आहे. तू पानाची डावी बाजू उतरवलीस. ही घडी अर्ध्या वर्गाला शिकवली, हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस.

घडीच्या आत काय लिहिलं आहे?

सुमती


प्रताप नगर
२८ एप्रिल

बाई,

तुम्ही पोलिसात आहात काय?

हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन फाडली. तुमचं उत्तर आलं त्या दिवशी मी रोहितशी भांडलो, आईशी भांडलो, आणि डेपोत एका बल्लीला लाथ मारून अंगठ्याचं नख काढून घेतलं. आठवडाभर चप्पल घालून लंगडतो आहे. शेठजी म्हणतात, लाकडाशी भांडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

घडी मी पहिल्याच दिवशी उघडली होती.

आत लिहिलं आहे. दहाही वाक्यांसमोर. आठांसमोर 'चेतनगुणोक्ती', दोनांसमोर 'अतिशयोक्ती'. तिसरं वाक्य, उन्हाळ्याचं, ते अतिशयोक्ती. झालं समाधान?

पण ऐका. तिचा मोठा भाऊ तिची दप्तरं तपासतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मनातलं लिहायचं, कोणी पाहिलं तर अभ्यास वाटला पाहिजे, म्हणून तिनं बाजूला अलंकारांची नावं टाकली. एवढं डोकं तिला आहे. मी वर्षभर असंच समजलो. रोज. कधी एखाद्या दिवशी नाही समजलो, तर दुसऱ्या दिवशी जास्त जोरानं समजलो.

अजून एक सांगून टाकतो, तुम्ही विचारणारच. झेरॉक्स काढल्या आहेत. पन्नास. खाटेखाली पिशवीत आहेत. घडी दुमडूनच काढल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, "भाऊ, इकडची बाजू कटून राहिली." मी म्हटलं, कटू द्या.

हे वाक्य लिहिताना कान तापले. पण लिहिलं.

थकलो, बाई. सकाळी उठतो तेव्हाही थकलेला असतो. लाकूड मोजतो आणि आकडा विसरतो, परत मोजतो. अठरा तारीख एकदाची होऊन जावी, असं वाटतं. मग काय ते कळेल.

तुम्ही दोन-दोन आठवडे उत्तर देत नाही. माझा राग आला असेल तर तसं लिहा. शाळेतही तुम्ही रागावल्या की गप्प व्हायच्या.

ऋषिकेश


खापरखेडा
५ मे

चि. ऋषिकेश,

राग आलेला नाही. राग यायला जोर लागतो.

आधी अलंकार. चेतनगुणोक्ती कशाला म्हणतात, हे मी तुमच्या वर्गात दोन दिवस शिकवलं होतं. निर्जीव वस्तू सजीव आहे, माणसासारखी वागते, असं जिथं लिहिलेलं असतं तिथं ती. एखाद्या माणसाला 'तू चिडलास' म्हटलं तर तो कोणताच अलंकार नाही. साधं वाक्य आहे ते. त्या मुलीनं आठ वाक्यांपुढं चेतनगुणोक्ती लिहिली असेल आणि ती बरोबर असेल, तर त्यांतला 'तू' माणूसच नाही. कोणती वस्तू, ते मला माहीत नाही. अंदाज करणार नाही.

का करणार नाही, ते सांगते. माझ्या उशिराचं कारणही तेच.

मागच्या दिवाळीनंतर यांना, तुझ्या मार्तंडकाकांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. पूर्ण गेले नाहीत. जागा बदलून बसले. पाणी हवं असेल तर 'चावी' म्हणतात. मला कधी 'गाडी' म्हणतात, कधी नावानं हाक मारतात. चौतीस वर्षं अलंकार शिकवले, म्हणून मला वाटलं, मी ओळखीन. सुरुवातीला ओळखतही होते, आणि त्याचा थोडा गर्वही झाला.

फेब्रुवारीत तीन दिवस ते 'पूल, पूल' म्हणत होते. मला वाटलं, मुलाची आठवण येते आहे. तो पुण्याला असतो, नदीच्या पुलाजवळ घर आहे. मी त्याला रजा टाकून बोलावून घेतलं. तो आला, जवळ बसला, हे त्याच्याकडे पाहत म्हणाले, पूल. मग रडायला लागले. चौथ्या दिवशी आंघोळ घालताना दिसलं, चादरीच्या शिवणीनं पाठीला जखम झाली होती. एवढंच सांगत होते. मी तीन दिवस त्यातून कविता काढत बसले.

तेव्हापासून मी ओळखणं सोडलं. विचारते. पाठ दुखते? पाय? ऊन लागतं? बरोबर असेल तर डावं बोट वर करतात. कधी वीस प्रश्न लागतात. वेळ जातो, माझा जीव मेटाकुटीला येतो, पण चुकत नाही.

कथेत आपण दुसऱ्याच्या मनातलं लिहू शकतो, कारण तो दुसरा आपणच घडवलेला असतो. खुशीला तू हवा आहेस असं तू लिहिलंस, तर खुशी 'नाही' म्हणायला येणार नाही. मयुरा कथेतली नाही. ती गल्लीच्या टोकाला राहते. चालत गेलास तर चार मिनिटं.

जा आणि विचार. एकटा जा, दिवसा जा, घरात माणसं असताना जा. फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस. ती 'जा' म्हणाली तर परत ये. पिशवी सोबत ने.

हे करशील की नाही, मला माहीत नाही. मला यांना कुशीवर वळवायचं आहे, म्हणून थांबते.

सुमती


प्रताप नगर
१३ मे

आदरणीय बाई,

पत्र आठ तारखेला मिळालं. तीन दिवस गेलो नाही. चप्पल घालायचो आणि काढायचो. रविवारी सकाळी गेलो, दहा वाजता.

ती अंगणात कूलरची जाळी धूत होती. आई आत होती, आवाज येत होता. मी फाटकाच्या बाहेर थांबलो. मला पाहून तिनं नळ बंद केला. वर्षभर मला वाटत होतं, ती मला पाहील तेव्हा काहीतरी होईल. तिनं ओले हात ओढणीला पुसले आणि विचारलं, "काय गा?"

मी वही पुढं केली.

"ही तुझ्याजवळ होती?" ती म्हणाली. "वर्षभर?"

"हो."

"तुले माहीत आहे का, ही जमा करायची होती? अंतर्गत मार्कांसाठी. मी अख्खी लायब्ररी पालथी घातली. पिंकीनं नेली समजून तिच्याशी भांडली मी. नाही म्हणत होती बिचारी. अजून बोलणं नाही आमचं."

बाई, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. वही माझ्याजवळ आहे म्हणजे तिच्याजवळ ती नाही. एवढी साधी गोष्ट.

मी म्हटलं, "मला दिली होती तू. आठवलं नाही?"

"चार जणांना दिली होती, एकामागून एक. तू तर बेंच उचलून गायबच झाला. तुझ्या घरी यायला मले भेव वाटत होतं."

मग मी विचारलं. "शेवटच्या पानांवरची दहा वाक्यं. त्यातला 'तू' कोण आहे?"

तिनं पानं उलटली, घडी उघडली, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "पंखा."

"कोणता पंखा?"

"वर्गातला. माझ्या डोक्यावरचा, तो खरखर करणारा. सरांनी सांगितलं होतं, वर्गातली एक वस्तू घ्या आणि दहा वाक्यं करा. पिंकीनं फळा घेतला होता." मग वही मिटून, "काहून? तुले काय वाटलं?"

सांगावं लागलं. सगळं सांगितलं. साक्षगंधाचं, हॉलचं, साडेअकराचं. पिशवी फाटकावरून तिच्या हातात दिली. तिनं आत पाहिलं.

"किती आहेत?"

"पन्नास."

ती ओट्यावर बसली. रडली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, हसलीही नाही. एक कागद काढून पाहत होती, ज्यात उजवी बाजू नाही.

"हे तू खरंच वाटले असते?"

मी 'नाही' म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. म्हटलं, "हो."

तिनं कागद परत पिशवीत घातला. मग हळू बोलली, आतमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. "मले कोणी दाबलं नाही, ऋषिकेश. गौरांगशी मी चारदा बोलली, मग मीच हो म्हटलं. मले अमरावतीले जाऊन बी.एड. करायचं आहे, त्याले तेही सांगितलं. विचारलं असतं तर तुलेही सांगितलं असतं. तू कधी काही विचारलंच नाही. वरच्या रांगेत बसून पाहत राहायचा. मी मान वर करायची पंखा चालू झाला का ते पाहायले, तर तू पाहून राहिलेला."

आतून आईनं हाक दिली, "कोण आहे वं?"

"कोणी नाही, वही द्यायले आले," ती ओरडली. मग मला म्हणाली, "जा आता. आणि रविवारी इकडं दिसू नको."

"नाही दिसणार."

पिशवी आणि वही घेऊन ती आत गेली. नळ परत सुरू झाला नाही.

तिथून पिंकीच्या घरी गेलो. सांगितलं की वही माझ्याजवळ होती, तुझा दोष नाही. तिनं मला दोन-चार शब्द ऐकवले, ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत, आणि मग फोन शोधायला आत धावली.

घरी येऊन झोपलो, दुपारभर. उठलो तर आईनं विचारलं, "बरं नाही का रे?" मी म्हटलं, नाही. बरं नाहीच आहे, बाई. तुम्ही म्हणाल त्या सगळ्या अलंकारांतून काढलं तरी ते एवढंच उरतं. अजूनही ती पाच वाक्यं, जी मी तुम्हाला पाठवली नाहीत, ती डोक्यात येतात, आणि आता प्रत्येक वेळी पंखा दिसतो. जाईल की नाही, माहीत नाही.

दिवाळी अंकाला कथा पाठवत नाही. दुसरं पान फाडलं. डेपोच्या ओळी ठेवल्या आहेत. बाहेरून परीक्षेचं काय ते आत्ता विचारू नका. विचारावंसं वाटलं की मीच विचारीन.

मार्च महिन्यापासून तुम्ही मला लिहिता आहात. एवढ्या पत्रांत मी एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही कशा आहात. तुम्ही लिहिलं होतं, घरात काम असतं. मी ते वाचून पुढं गेलो. आता विचारतो. तुम्ही शेवटचं शांत कधी झोपलात? रात्री किती वेळा उठावं लागतं? मदतीला कोणी येतं का?

उत्तर पत्रानं देऊ नका, तेवढा वेळ नाही. रविवारी, अठरा तारखेला, डेपो बंद असतो. मी सकाळच्या पहिल्या बसनं खापरखेड्याला येतो आणि संध्याकाळपर्यंत थांबतो. काकांजवळ मी बसीन. वळवायचं कसं ते मला एकदा दाखवून द्या. दिवसभर लाकूड उचलतो, माणूस जपून उचलीन. ते काय म्हणतात ते मला समजणार नाही, पण वीस प्रश्न विचारायचा कंटाळा करणार नाही.

स्वयंपाक करू नका, आई डबा देते आहे. तुम्ही आतल्या खोलीचं दार लावा आणि झोपा.

ऋषिकेश